लाज, लपवणूक आणि पुरुषाचे दुखणे



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. बारा वर्षांचे तिचे दुखणे. अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्चून टाकले, आणि तरीही गुण न येता दुखणे वाढतच गेले. ते दुखणे चारचौघांत बोलून दाखवण्याजोगे नव्हते. म्हणूनच ती गर्दीत मागून आली आणि कोणालाही कळू न देता प्रभूच्या वस्त्राला शिवली. तिच्या विश्वासावर आपण अनेक उपदेश ऐकले आहेत. परंतु ज्या दुखण्यात वेदनेपेक्षा लाजच अधिक छळते, अशा दुखण्याविषयी आपण क्वचितच विचार करतो.

आपल्या मंडळ्यांत आजही असे रुग्ण आहेत. ते रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसतात, गीते गातात, कमिटीच्या सभांना येतात. बाहेरून पाहता त्यांचा संसार सुखाचा दिसतो. परंतु पत्नीशी शरीरसंबंध ठेवण्याची शक्ती त्यांना उरलेली नसते, किंवा काहींना ती विवाहाच्या पहिल्या दिवसापासूनच लाभलेली नसते. हे ते कोणालाही सांगत नाहीत. वैद्याला सांगत नाहीत, पाळकांना वा धर्मगुरूंना सांगत नाहीत, आणि पुष्कळ वेळा पत्नीशीही त्याविषयी एक शब्द बोलत नाहीत.

असला विषय धार्मिक नियतकालिकाच्या पानांवर कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांच्या संकोचाचा मी आदर करतो. पण ज्या घटनेला आपण देवाने जोडलेले बंधन म्हणतो, त्या विवाहाच्या मुळाशीच हे दुखणे जाऊन भिडते. तेव्हा त्याविषयी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींनी बोलावे आणि ख्रिस्ती नियतकालिकांनी मौन पाळावे, हे उचित नव्हे. शिवाय या दुखण्यात वैद्यकाइतकाच नीतीचा प्रश्न गुंतलेला आहे. तो असा: हे दुखणे लपवून ठेवण्याचा पुरुषाला अधिकार आहे काय? ज्याला तो मर्यादा म्हणतो, ती खरोखर मर्यादा असते, की अहंकाराने पांघरलेले मर्यादेचे वस्त्र?

शब्दाचा घाव

प्रथम शब्दांचा विचार करू. या दुखण्याला आपल्या बोलीत सभ्य नाव जवळजवळ नाहीच. ‘नपुंसक’ आणि ‘षंढ’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो. भित्र्या माणसाला, निष्क्रिय पुढाऱ्याला, अगदी सरकारलासुद्धा भर सभेत हेच विशेषण लावले जाते आणि लोक टाळ्या देतात. म्हणजे एका अवयवाच्या कार्यातील बिघाडाला आपण भ्याडपणाचे, नीतिहीनतेचे नाव दिले. ज्याचे मूत्रपिंड नीट चालत नाही त्याला कोणी भ्याड म्हणत नाही. पण ज्याच्या या अवयवात रक्त पुरेसे पोहोचत नाही, त्याचे सारे पुरुषत्वच समाज नाकारतो. वैद्याच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी रुग्णाला या शिवीचा उंबरठा ओलांडावा लागतो.

वैद्यकीय जगालाही शब्दाचे हे ओझे जाणवले. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत जुना निंदाव्यंजक शब्द सोडून ‘ताठरतेतील बिघाड’ अशा अर्थाची नेमकी संज्ञा वापरावी, अशी शिफारस करण्यात आली. शब्द नेमका असला की विचारही नेमका होतो. इच्छाच नसणे, इच्छा असून इंद्रियाला ताठरता न येणे, शीघ्रपतन होणे आणि संतती न होणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि त्यांवरील उपायही वेगळे. ज्याला शरीरसंबंधात काहीही अडचण नाही त्याच्या वीर्यात शुक्रजंतूंचा अभाव असू शकतो, आणि ज्याला ताठरतेची अडचण आहे तो पिता होण्यास अन्यथा पूर्ण समर्थ असू शकतो. हा भेद न समजल्यामुळे किती सुनांना वांझपणाचे बोल विनाकारण ऐकावे लागले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

शरीर काय सांगते

हात उचलावा तशी ही क्रिया इच्छेच्या हुकमाने होत नाही. मेंदूकडून मज्जातंतूंद्वारे संदेश येतो, इंद्रियातील मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सुटतो, स्नायू सैलावतात, रोहिण्यांतून रक्त वेगाने आत येते आणि परतीच्या शिरा दाबल्या जाऊन ते तेथे थांबते. शरीरात हा वायू निरोप्याचे काम करतो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतू, रक्तवाहिन्या, अंतःस्राव आणि मन यांपैकी एकाने जरी साथ सोडली तरी ही साखळी तुटते.

मग साखळी तोडणारी कारणे कोणती? मधुमेह हे आपल्या देशातील एक मोठे कारण. तो मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या या दोहोंनाही पोखरतो. त्याखालोखाल उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी, तंबाखू, अतिरिक्त मद्यपान, लठ्ठपणा. रक्तदाबावरील काही औषधे आणि नैराश्यावरील काही औषधे यांचाही हा परिणाम असू शकतो. पाठीच्या कण्याची दुखापत आणि प्रॉस्टेट ग्रंथीवरील मोठी शस्त्रक्रिया हीदेखील कारणे होत. टेस्टोस्टेरॉन कमी असणे, प्रोलॅक्टिन वाढणे किंवा थायरॉइडचा विकार असणे ही कारणे तुलनेने कमी आढळतात, पण रक्ताच्या तपासणीत ती सापडतात. हे दुखणे विरळ तर मुळीच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ५२ टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात ही तक्रार होती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. या अवयवाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असतात. रक्तवाहिन्या कठीण व निरुंद होण्याचा विकार सर्व शरीरभर चालू असतो, परंतु त्याची पहिली खूण पुष्कळदा येथे उमटते, आणि छातीतील कळ त्यानंतर दोन-तीन वा पाच वर्षांनी येते. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतील पुरुषाचे हे दुखणे हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. लाजेपोटी जो हे लपवतो, तो कदाचित स्वतःच्या प्राणावरच्या संकटाची सूचनाही दडपून ठेवत असतो. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे आपण मानतो. मग मंदिराच्या भिंतीला तडा गेलेला दिसत असता त्यावर पडदा ओढणे, ही कोणती भक्ती?

निदानाची पद्धत लोकांना वाटते तशी अवमानकारक नसते. चांगला वैद्य आधी शांतपणे ऐकून घेतो. तक्रार हळूहळू वाढली की एकाएकी सुरू झाली? पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते काय? ती येत असेल, तर मज्जातंतू व रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी शाबूत असून अडचण मनाच्या बाजूची असण्याचा संभव अधिक. कोणती औषधे चालू आहेत? झोप कशी आहे, चिंता कसली आहे, घरात बोलचाल कशी आहे? त्यानंतर साधी शारीरिक तपासणी, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी, आणि आवश्यक वाटल्यास सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण. बहुतेकांना याहून अधिक काही लागत नाही. या साऱ्याला लागणारे धैर्य पहिल्या एका वाक्यापुरतेच असते.

भीतीची परीक्षा

ज्यांचे शरीर निरोगी आहे, त्यांनाही हे दुखणे का जडते? याचे उत्तर फ्रान्सच्या इतिहासातील एका लाजिरवाण्या प्रकरणात सापडते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत तेथील न्यायालयांत, पती असमर्थ असल्याचा दावा पत्नीने केला, तर पतीला प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागे. न्यायालयाने नेमलेले वैद्य, शल्यविद आणि सुइणी जवळ हजर असत, आणि पतीपत्नीने पडद्याआड शय्येवर जाऊन पतीचे सामर्थ्य सिद्ध करावे, अशी अपेक्षा असे. मार्की द लांजे नावाच्या सरदाराचा विवाह १६५३ साली झाला. काही वर्षांनी पत्नीने दावा लावला. आपली अब्रू वाचवण्यासाठी लांजेने स्वतःच ही परीक्षा मागितली, आणि तीत तो सपशेल अयशस्वी ठरला. १६५९ साली विवाह रद्द झाला, त्याला पुन्हा विवाह करण्याची मनाई झाली आणि साऱ्या पॅरिसमध्ये त्याची टवाळी झाली. पुढे त्याने मनाई मोडून दुसरा विवाह केला, आणि त्या पत्नीपासून त्याला सात मुले झाली! या प्रकरणामुळे ती परीक्षा इतकी हास्यास्पद ठरली, की १६७७ साली पॅरिसच्या उच्च न्यायालयाने ती कायमची बंद केली.

तो पडदा आणि त्या सुइणी आता राहिल्या नाहीत. परंतु पुष्कळ पुरुष आपल्या मनात तेच न्यायालय भरवतात. एकदा थकव्याने किंवा चिंतेने अपयश आले, की पुढच्या वेळी तो पत्नीजवळ पती म्हणून जातच नाही. परीक्षार्थी म्हणून जातो. मला जमेल काय, हा एकच प्रश्न त्याच्या मनात घुमत असतो. भीतीच्या वेळी शरीर पळण्याची वा लढण्याची तयारी करते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते, आणि प्रीतीची क्रिया थांबते. अपयशाने भीती वाढते आणि भीतीने अपयश. नवविवाहितांची तर यात फारच ओढाताण होते. भरल्या घरात, पातळ भिंतींच्या खोलीत, सकाळी सर्वांच्या प्रश्नार्थक नजरा चुकवत ज्यांना संसार सुरू करावा लागतो, त्यांच्या पहिल्या काही रात्री अपयशी ठरल्या तर तो रोग नव्हे. पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात शिकवतो. मला वाटते, शयनगृहाच्या दारापाशीही ते शिक्षण थांबत नाही.

खोटे अपराधीपण

आपल्याकडे आणखी एक भूत आहे. तरुणपणी केलेल्या हस्तमैथुनाने किंवा झोपेत होणाऱ्या वीर्यपाताने शक्ती कायमची नष्ट झाली, अशी समजूत असंख्य पुरुष बाळगून असतात. ‘धात’ जाते या चिंतेने खंगणाऱ्या भारतीय तरुणांच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० साली वैद्यकीय ग्रंथव्यवहारात नाव मिळवून दिले. पण ही समजूत केवळ आपल्या देशाची आहे, असे ख्रिस्ती लोकांनी मानू नये. १७६० साली तिसो नावाच्या स्विस वैद्याने फ्रेंच भाषेत याच विषयावर पुस्तक लिहिले, हस्तमैथुनाने शरीर व बुद्धी यांचा नाश होतो असे ठासून सांगितले, आणि त्या सवयीला उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायातील ओनानाचे नाव लावले. वास्तविक ओनानाचा अपराध निराळा होता. मृत भावाच्या विधवेला संतान देण्याचे कर्तव्य त्याने कपटाने टाळले. तिसोच्या पुस्तकाचा धाक युरोपभर पसरला आणि पुढची शंभर-दीडशे वर्षे शाळा, वैद्य आणि उपदेशक तो पुढे चालवत राहिले.

त्या सवयीकडे नीतीच्या दृष्टीने कसे पाहावे, याविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत भिन्न मते आहेत, आणि कॅथलिक शिकवण तिला गंभीर चूक मानते. तो विचार आपल्या जागी राहो. परंतु तिच्यामुळे इंद्रिय निकामी होते, हे वैद्यकदृष्ट्या असत्य आहे. सत्याच्या रक्षणासाठी असत्याचा धाक घालण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली? आपल्या दुखण्याला देवाची शिक्षा समजणारा पुरुष वैद्याकडे जात नाही. तो शिक्षा भोगत बसतो. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले होते, की पाप कोणी केले? प्रभूने तो प्रश्नच चुकीचा ठरवला. आपण मात्र अजून तोच विचारत आहोत.

या अपराधीपणावरच भोंदूंचा बाजार चालतो. भिंतीवरच्या जाहिराती, रस्त्याकडेचे तंबू, टपालाने येणाऱ्या पुड्या, आणि आता भ्रमणध्वनीवर झळकणारी आमिषे. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार अधिनियमाने बंदी आहे. तरी भिंती रंगतच आहेत. ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुष्कळ पुड्यांत सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध चोरून मिसळलेले असते, असे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट जातीची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राण जाऊ शकतो. मार्काने वर्णिलेल्या त्या स्त्रीप्रमाणे आपले रुग्णही सर्व खर्चून बसतात, आणि दुखणे वाढतच जाते.

हे दुखणे कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी एक कल्पित घर डोळ्यांसमोर आणू या. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब. पती सेहेचाळीस वर्षांचा, पाच वर्षांपासून मधुमेही. नातेवाईक दूर, आणि मनातले बोलावे असे स्वभाषेतले माणूस शेजारी नाही. गेल्या दोन वर्षांत त्याची शक्ती हळूहळू गेली. तो काय करतो? रात्री उशिरापर्यंत कचेरीचे कागद चाळत बसतो. पत्नी झोपल्याची खात्री झाल्यावरच अंथरुणावर येतो. दिवसाही तिचा हात हातात घेत नाही, कारण त्यापुढे आणखी काही अपेक्षिले जाईल अशी त्याला भीती वाटते. ती काही विचारू लागली तर चिडतो. एवढे करून तो स्वतःशी म्हणतो, ‘माझे दुखणे मी एकट्यानेच सोसत आहे.’

आणि पत्नी काय समजते? तिला कोणी काहीच सांगितलेले नाही. म्हणून ती आपल्या मनाने अर्थ लावते. मी आता वयस्क झाले, नकोशी झाले; किंवा याचे मन दुसरीकडे गुंतले. आरशासमोर उभी राहून ती आपले दोष शोधते. त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचते आणि वाचल्याबद्दल स्वतःची निर्भर्त्सना करते. दुखणे त्याच्या शरीराला जडले आहे, आणि त्याचा अर्धा भार तिच्या माथी पडला आहे. तो भार कशाचा, हे मात्र तिला ठाऊक नाही.

यावरून स्पष्ट होईल, की एकट्याने सोसणे असे काही येथे नसतेच. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० साली आपला उपचारग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा पाया हाच होता. अशा दुखण्यात एकटा पुरुष रुग्ण नसतो, उपचार त्या दोघांच्या नात्यावर करावयाचा असतो, असे त्यांनी मांडले. त्यांच्या पद्धतीत प्रारंभी काही दिवस संभोगाची मुळी मनाईच असे. पतीपत्नीने निव्वळ एकमेकांच्या स्पर्शाचा परिचय नव्याने करून घ्यावा, काही सिद्ध करण्याचे ओझे नसावे, असा त्यातील हेतू. परीक्षाच रद्द झाली, की भीती ओसरते.

पण ही गोष्ट पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात कितीतरी आधी सांगून ठेवली आहे. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढेच तो सांगत नाही; तितक्याच ठामपणे तो पतीच्या शरीरावरील पत्नीचा अधिकारही सांगतो. त्या काळच्या जगात हे दुसरे वाक्य ऐकून पुष्कळ पुरुष चमकले असतील. आणि एकमेकांपासून दूर राहायचेच असेल, तर ते दोघांच्या संमतीने व काही काळापुरतेच असावे, असेही तो लिहितो. आपल्या त्या कल्पित पतीने दोन वर्षे दूर राहण्याचा निर्णय एकट्याने घेतला. त्याची असमर्थता पाप नव्हे; परंतु पत्नीला न विचारता, न सांगता तिच्या वाट्याचा निर्णय घेणे, ही तिच्यावर केलेली वंचना आहे.

विवाहापूर्वीच ज्याला आपली अवस्था ठाऊक आहे, त्याचे उत्तरदायित्व तर अधिकच मोठे. ‘लग्न झाले की सर्व सुरळीत होईल’ असे म्हणून वडीलधारी मंडळी अशा तरुणाला बोहल्यावर उभे करतात, आणि एका निरपराध मुलीचे आयुष्य प्रयोगाला लावतात. भारतातील ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात विवाहसमयी आणि दावा दाखल करतेवेळीही असलेली असमर्थता हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण मानले आहे. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेतील १०८४ वा नियम विवाहापूर्वीची आणि कायमची असमर्थता विवाहाला बाधक मानतो, संशय असेल तर विवाह अडवू नये असे सांगतो, आणि केवळ वंध्यत्व हे बाधक नव्हे असेही स्पष्ट करतो. १०९८ वा नियम तर संमती मिळवण्यासाठी केलेल्या गंभीर फसवणुकीविषयीच आहे. या नियमांमागचे तत्त्व आपण ओळखावे. दुर्बलतेविषयी ते करुणेने बोलतात. कपटाला मात्र थारा देत नाहीत.

मर्यादा आणि लपवणूक

यावर कोणी म्हणेल, की घरातील गोष्टी घरातच राहाव्या, शरीराच्या गोष्टी झाकलेल्या असाव्या, ही ख्रिस्ती शालीनता नव्हे काय? निश्चितच आहे. हे दुखणे मित्रमंडळींत, भावाबहिणींत, प्रार्थनासभेत सांगण्याचे कारण नाही. पत्नीनेही रागाच्या भरात ते माहेरी वा शेजारी उघडे करू नये. तसे करणे हा क्रूरपणा होईल. परंतु मर्यादा आणि लपवणूक यांत एक सरळ भेद आहे. ज्यांचा त्या गोष्टीशी संबंध नाही त्यांच्यापासून ती झाकणे म्हणजे मर्यादा. ज्यांचा संबंध आहे त्यांच्यापासून ती दडवणे म्हणजे लपवणूक. पत्नी आणि वैद्य या दोघांचा संबंध आहे. मर्यादेने पत्नीची प्रतिष्ठा राखली जाते. लपवणुकीने केवळ पतीची प्रतिमा राखली जाते, आणि तिची किंमत पत्नी मोजते.

कोणी असेही विचारील, की वयोमानाने येणारी दुर्बलता देवाची इच्छा समजून स्वीकारू नये काय? पहिल्या राजांच्या पहिल्या अध्यायात वृद्ध दावीद राजाची हकीकत आहे. त्याच्या अंगात ऊब येईना म्हणून सेवकांनी अबीशग नावाची सुंदर तरुणी आणली. ती त्याची शुश्रूषा करी, परंतु राजाने तिच्याशी संग केला नाही. शास्त्र दाविदाचा हा उतार कोठेही लपवत नाही, आणि त्याबद्दल त्याला हिणवतही नाही. वार्धक्याचा स्वीकार हा सद्गुण आहे. साठीच्या वा सत्तरीच्या एखाद्या दांपत्याने परस्परांशी बोलून, आता आपल्याला औषधोपचाराची गरज नाही, सहवासाची ऊब पुरेशी आहे, असे ठरवले, तर तो निर्णय सुंदर आहे. त्यात ‘परस्परांशी बोलून’ हे शब्द मात्र वगळता येत नाहीत.

औषध काय देते, काय देत नाही

औषधांनी या क्षेत्रात मोठी सोय केली आहे, हे कृतज्ञतेने मान्य करावे. हृदयविकारासाठी चाचणी चालू असता ज्याचा हा गुण ध्यानात आला, ते सिल्डेनाफिल मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि नंतर आपल्याकडेही आले. वैद्याच्या सल्ल्याने आणि नायट्रेटची गोळी चालू नसताना ते बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडते. त्याने गुण न आल्यास निर्वात पंप, इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवावयाचे साधन असे पुढचे मार्ग आहेत. मनाच्या बाजूची अडचण असेल, तर समुपदेशन हाच मुख्य उपचार. आणि सर्वांच्या मुळाशी साध्याच गोष्टी आहेत: साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, मद्य टाळणे, रोज चालणे. मात्र चालू असलेली रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ती बदलून देणे वैद्याच्या हाती असते.

परंतु गोळी काय देत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती सामर्थ्य देते, अधिकार देत नाही. वर्षानुवर्षे ज्या पत्नीशी धड बोललाही नाही, तिच्यासमोर एके रात्री पती बरा होऊन उभा राहतो आणि तिने तत्काळ अनुकूल व्हावे असे मानतो, तेव्हा त्याला अजून काहीच कळलेले नसते. इतक्या वर्षांच्या दुराव्याची क्षमा त्या वेष्टनात मिळत नाही. ती मागावी लागते. पत्नीची संमती, तिची प्रकृती, तिचे वय आणि तिची इच्छा यांनाही तितकेच स्थान आहे. ज्या औषधाची पहिली मात्रा पत्नीशी केलेला मोकळा संवाद ही नाही, ते औषध अपुरे आहे.

वाळलेले झाड

आणि जेथे कोणताच उपाय चालत नाही? असे रुग्णही असतात, आणि त्यांना खोटी आशा दाखवणे हे पाप होईल. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या २३व्या अध्यायात, अशा पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. पण यशयाच्या ५६व्या अध्यायात देव स्वतःच ते दार उघडतो. मी वाळलेले झाड आहे असे षंढाने म्हणू नये, असे सांगून पुत्र व कन्या यांहूनही श्रेष्ठ असे नाव आपल्या घरात त्याला देण्याचे वचन देव देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी षंढ रथात बसून यशयाचाच ग्रंथ वाचत असता फिलिप्प त्याला भेटतो, आणि त्याचा बाप्तिस्मा होतो. ज्या शब्दाला आपण शिवी केले, तो शब्द धारण करणारा मनुष्य मंडळीच्या पहिल्या फळांपैकी एक आहे, हे आपण विसरू नये. पुरुषाचे मोल एका अवयवात साठवलेले नसते, आणि विवाहाचेही नसते. ज्या दांपत्याने सत्य एकत्र ऐकले, एकत्र रडून घेतले आणि एकमेकांचा हात सोडला नाही, त्यांचा संसार अपुरा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आणि ज्या पत्नीला ते सत्य पेलत नाही, तिचा न्याय करण्याची घाईही आपण करू नये.

मंडळीचे कर्तव्य

तेव्हा मंडळीने काय करावे? विवाहपूर्व वर्गांत या विषयाला अर्धा तास द्यावा, आणि शक्य तर एखाद्या ख्रिस्ती वैद्याकडून तो मांडावा. असा पुरुष सल्ल्यासाठी आला, तर पाळकांनी व धर्मगुरूंनी फक्त प्रार्थना करून त्याला परत पाठवू नये. प्रार्थना करावी आणि चांगल्या वैद्याचे नावही सांगावे. मूल नसलेल्या सुनेकडे बोट दाखवण्यापूर्वी सासूसासऱ्यांनी आपल्या मुलाचीही तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. आणि आपण सर्वांनी, निदान आपल्या तोंडून, तो शब्द शिवी म्हणून उच्चारणे बंद करावे.

शेवटी पुन्हा त्या स्त्रीकडे जाऊ. वस्त्राला स्पर्श करताच तिचे दुखणे थांबले होते. ती तशीच गर्दीत नाहीशी झाली असती, तर कोणालाही काही कळले नसते. पण प्रभू थांबला, मला कोण शिवले असे त्याने विचारले, आणि ती भीत व कापत त्याच्यापुढे आली. तिने त्याला सर्व खरे सांगितले. त्यानंतरच तिला मुलगी म्हणून हाक मिळाली, आणि शांतीने जाण्याची आज्ञाही मिळाली. शरीर आधी बरे झाले होते. शांती मात्र खरे सांगितल्यावर आली.

वाचकहो, हे वाचत असता आपणांपैकी एखाद्याला हे आपल्याविषयीच लिहिले आहे असे वाटले असेल, तर त्याला एवढेच सांगावेसे वाटते: आज रात्री कचेरीचे कागद बाजूला ठेवा, आणि पत्नी जागी असतानाच खोलीत जा. वैद्याकडे उद्या जाता येईल. आधी तिला खरे सांगा.